क्लास लिहिण्याआधी वही उघडा: धरणसाठ्याच्या हिशोबातून क्लास आणि ॲट्रिब्यूट

कॉलेजात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवताना फळ्यावर ठरलेलीच मंडळी येतात. ॲनिमल, त्याच्याखाली डॉग आणि कॅट, नाहीतर कार आणि बाइक. व्हायव्हात एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, ॲब्स्ट्रॅक्शन घडाघडा म्हणता येतं. पुढे प्रोजेक्टसाठी रिकामी फाइल उघडली की या क्लासमध्ये ठेवायचं काय, हेच सुचत नाही. नांदेड, लातूर, संभाजीनगरला बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना मला हीच अडचण पुन्हा पुन्हा दिसते.

माझ्या मते क्लास बनवताना दोनच प्रश्न खरे असतात. ही माहिती कोणाची? आणि ती बदलायचा हक्क कोणाला? बाकीचं वाक्यरचनेचं काम आहे, ते सरावाने येतं.

उदाहरणासाठी कुत्रा-मांजर सोडून देऊ आणि आपल्याकडे ऑगस्ट उजाडला की चहाच्या टपरीवर जो विषय निघतो तो घेऊ: नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, किती टक्के भरला? यात आकडे खरे आहेत, नियम खरे आहेत आणि चुकायला जागाही भरपूर आहे. भाषा पायथन घेतली आहे. जावा किंवा सी++ वापरत असाल तरी पायऱ्या त्याच राहतील, जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

## काय काय लागेल

- पायथन ३.१० किंवा त्यापुढची आवृत्ती. सहाव्या पायरीतली एक सोय त्याआधीच्या आवृत्त्यांत नाही.
- एडिटर. नवखे असाल तर थॉनी घ्या. त्यात ऑब्जेक्टच्या आत काय भरलंय ते उघडून बघता येतं. सवय असेल तर व्हीएस कोड.
- वही आणि पेन. ही खरोखर लागणार आहे.
- तीन धरणांचे आकडे, दलघमीत म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये:
  - जायकवाडी (गोदावरी, पैठण): एकूण क्षमता २९०९.०४१, मृतसाठा ७३८.१०६
  - मांजरा (धनेगाव): एकूण क्षमता २२४.०९३, मृतसाठा ४७.१३०
  - माजलगाव (सिंदफणा): एकूण क्षमता ४५४, मृतसाठा १४२

कोडबद्दल एक खुलासा. खालचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. क्लास, डेफ, इफ, रिटर्न हे पायथनचे राखीव शब्द आणि कोडमधले आकडे तुम्हाला इंग्रजीतच टाइप करावे लागतील. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात. घरी सराव करताना गंमत म्हणून करून बघा, टीममध्ये करू नका. दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलावा लागतो आणि सहकारी वैतागतात.

## १. आधी वाक्यं लिहा, क्लास नंतर

वहीत या विषयावरची पाच-सहा साधी वाक्यं लिहा, पेपरात छापून येतात तशी:

जायकवाडीचा साठा आज १८२३ दलघमी झाला. उपयुक्त साठा ५० टक्क्यांवर. मांजरा मृतसाठ्यात. पैठण उजव्या कालव्यातून माजलगावला पाणी सोडलं. दहा दरवाजे अर्धा फूट उघडले.

आता नामांखाली रेघ मारा: धरण, साठा, टक्का, मृतसाठा, कालवा, दरवाजा, नदी. इथे बहुतेक जण प्रत्येक नामाचा एक क्लास करून मोकळे होतात. तसं करू नका. प्रत्येक नामाला विचारा, की याची स्वतःची माहिती आहे का, आणि ती बदलताना याला स्वतःचा काही नियम पाळावा लागतो का? दोन्हींना हो आलं तरच क्लास.

धरण पास होतं. टक्का हा नुसता आकडा आहे. नदीला स्वतःची माहिती असते, पण आपल्या कामापुरतं तिचं नाव पुरतं, म्हणून ती धरणाच्या आत एक स्ट्रिंग. दरवाजा पुढे क्लास होऊ शकतो, आज नाही.

आणि एक गोष्ट अशी, की जिच्याखाली तुम्ही रेघ मारलेलीच नाही. पहिल्या वाक्यातलं "आज" बघा. साठ्याला तारीख असते. तारखेशिवाय १८२३ या आकड्याला काही अर्थ नाही. म्हणजे आपल्याला "नोंद" नावाची दुसरी वस्तू हवी, तारीख आणि साठा एकत्र बांधणारी. नवख्यांच्या डिझाइनमध्ये हीच वस्तू हटकून राहून जाते आणि मग धरणाच्या क्लासमध्ये साठा_काल, साठा_आज, साठा_मागच्या_वर्षी अशी ॲट्रिब्यूटची रांग लागते.

सुरुवातीला क्लास दोनच: धरण आणि नोंद.

## २. साठवायचं काय आणि काढायचं काय

ही पायरी सावकाश करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एका धरणाबद्दल आपण किती आकडे बोलतो ते बघा: एकूण क्षमता, मृतसाठा, उपयुक्त क्षमता, आजचा एकूण साठा, आजचा उपयुक्त साठा, उपयुक्त टक्केवारी, शिवाय हेच सगळं टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एवढी सगळी ॲट्रिब्यूट केली तर क्लास भरगच्च दिसतो, पण यातले स्वतंत्र आकडे तीनच आहेत: एकूण क्षमता, मृतसाठा आणि आजचा एकूण साठा. बाकी सगळे यांच्यावरून निघतात.

जे दुसऱ्या आकड्यांवरून काढता येतं ते साठवू नका. साठवलं की ते शिळं होतं. कुणीतरी साठा बदलतो, टक्केवारी बदलायची राहते, आणि एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन गोष्टी एकमेकींशी भांडत बसतात. असा बग शोधणं कठीण, कारण प्रोग्रॅम कुठेच एरर देत नाही.

आता टक्केवारी कशी काढायची? सरळ साठा भागिले क्षमता केलं तर फसाल. धरणाच्या तळाला, कालव्याच्या विमोचकाखाली (पाणी सोडायच्या दाराखाली) जे पाणी राहतं तो मृतसाठा. तो कालव्यातून सोडता येत नाही, म्हणून बातमीतला टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. जायकवाडीचे आकडे घालून बघा:

- एकूण साठा १८२३.५७३५ असताना चुकीच्या पद्धतीने ६२.७ टक्के येतात. बरोबर उत्तर ५० टक्के.
- एकूण साठा ७०० असताना चुकीच्या पद्धतीने २४ टक्के येतात. प्रत्यक्षात धरण मृतसाठ्यात गेलेलं असतं, म्हणजे उणे १.७६ टक्के.

दुसरी ओळ पुन्हा वाचा. कालव्यात सोडायला थेंब शिल्लक नाही आणि तुमचा प्रोग्रॅम पाव धरण भरलंय म्हणून सांगतोय. म्हणून क्लास लिहिण्याआधी त्या क्षेत्रातल्या माणसाशी बोला. इथे पाटबंधाऱ्यातला एखादा कालवा निरीक्षक दहा मिनिटांत जे सांगेल ते कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये नसतं.

## ३. सगळी ॲट्रिब्यूट __इनिट__ मध्येच जन्माला घाला

```
क्लास धरण:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, एकूण_क्षमता, मृत_साठा):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.एकूण_क्षमता = एकूण_क्षमता
        सेल्फ.मृत_साठा = मृत_साठा
        सेल्फ._नोंदी = []
```

__इनिट__ ही ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड. पायथनमध्ये ॲट्रिब्यूट कुठेही, कधीही निर्माण करता येतं. एखाद्या मेथडच्या मध्यावर सेल्फ.विसर्ग = ० लिहिलं तरी चालून जातं. पण ती मेथड कुणी बोलावलीच नाही तर ते ॲट्रिब्यूट जन्मतच नाही आणि तिसऱ्याच ठिकाणी ॲट्रिब्यूटएरर येतो. __इनिट__ वाचल्यावर ऑब्जेक्टमध्ये काय काय असणार ते पूर्ण कळलं पाहिजे.

किंमत अजून माहीत नसेल तर नन ("किंमत नाही" असं सांगणारी पायथनची खास किंमत) ठेवा, शून्य नाही. हा फरक आपल्याकडे तरी समजावून सांगावा लागू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. तेव्हाचा शून्य हा खरा शून्य होता. "आज आकडा आलाच नाही" याची नोंदही शून्य म्हणून झाली तर दोन्हींत फरक करायला तुमच्याकडे काही उरत नाही.

स्पेलिंगचा सापळाही इथलाच. मृत_साठा ऐवजी चुकून मृतसाठा लिहून किंमत दिली तर पायथन तक्रार करत नाही, गुपचूप नवं ॲट्रिब्यूट तयार करतं. जुनं तसंच राहतं आणि बदल का होत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसता. शंका आली की, जायकवाडी नावाचा ऑब्जेक्ट बनवला असेल तर, व्हार्स(जायकवाडी) चालवा, आतलं सगळं नावासकट दिसेल. जावात कंपायलर हे पकडतो, पायथनमध्ये तुम्हालाच पकडावं लागतं.

## ४. क्लासचं वेगळं, ऑब्जेक्टचं वेगळं

__इनिट__ च्या बाहेर, क्लासच्या अंगणात लिहिलेलं ॲट्रिब्यूट सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामाईक असतं. तिथे काय ठेवायचं? जे सगळ्या धरणांसाठी एकच आहे आणि बदलत नाही ते. उदाहरणार्थ एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी. हे जायकवाडीला वेगळं आणि माजलगावला वेगळं असू शकत नाही.

```
क्लास धरण:
    टीएमसी_चे_दलघमी = २८.३१७
```

मृतसाठा इथे ठेवला तर? प्रत्येक धरणाचा मृतसाठा वेगळा, म्हणून तो ऑब्जेक्टचा. इतपत सगळ्यांना कळतं. गडबड पुढच्या तीन गोष्टींत होते.

सामाईक यादी. नोंदी = [] ही ओळ __इनिट__ ऐवजी क्लासच्या अंगणात लिहिली की यादी एकच बनते आणि सगळी धरणं तिच्यातच लिहितात. मांजराची नोंद केली की ती माजलगावातही दिसते. एकच धरण घेऊन तपासलं तर सगळं ठीक वाटतं, दुसरं धरण बनवल्यावर गोंधळ बाहेर येतो. याच रोगाचा दुसरा प्रकार म्हणजे __इनिट__ च्या कंसात नोंदी=[] अशी डीफॉल्ट किंमत देणं. डीफॉल्ट किंमत फंक्शन तयार होताना एकदाच बनते, दर वेळी नवी बनत नाही. तिथे नन द्या आणि आत नवी यादी बनवा.

झाकलं जाणं. जायकवाडी.टीएमसी_चे_दलघमी = २८ असं लिहिलं तर क्लासमधली किंमत बदलत नाही. फक्त जायकवाडीच्या अंगावर त्याच नावाचं नवं ॲट्रिब्यूट येतं आणि ते क्लासच्या किमतीला झाकून टाकतं. बाकी धरणं जुन्याच आकड्यावर. म्हणून अशा किमती वाचायच्या, ऑब्जेक्टवरून लिहायच्या नाहीत.

नियमाचा आकडा. हा मुद्दा पुस्तकात सहसा येत नाही. समन्यायी पाणीवाटपात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, अशी मर्यादा आहे. सगळ्यांना माहीत असलेला एकच आकडा, मग टाका क्लासच्या अंगणात, असा मोह होतो. पण हा निसर्गाचा आकडा नव्हे, माणसांनी ठरवलेला आहे. तो ५८ वर आणावा अशी शिफारसही पुढे आलेली आहे. उद्या आकडा बदलला आणि तुम्ही क्लासमधली किंमत बदलली, तर मागच्या वर्षांचे निकालही नव्या आकड्याने निघायला लागतील. जो आकडा शासननिर्णयाने बदलू शकतो तो क्लासमध्ये कोंबू नका. मेथडला बाहेरून द्या, किंवा तारखेसकट वेगळ्या यादीत ठेवा. हमीभाव, जीएसटीचे दर, एसटीचं भाडं, सगळ्यांना हेच लागू.

आणखी एक, ६५ चा नियम फक्त जायकवाडीला आहे. मग तो धरण या क्लासचा झालाच कसा? ही माहिती कोणाची, हा प्रश्न इथे पुन्हा विचारायचा.

## ५. बदलाला एकच दार

आता दुसरा प्रश्न, बदलायचा हक्क कोणाला.

जावा शिकून आलेल्यांना सवय असते: प्रत्येक ॲट्रिब्यूट प्रायव्हेट, आणि प्रत्येकाला गेट-सेट मेथडची जोडी. जावात त्याला कारण आहे. उघडं ठेवलेलं फील्ड नंतर मेथड करायचं म्हटलं तर ते वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो. पायथनमध्ये प्रॉपर्टी आहे, बाहेरून ॲट्रिब्यूटसारखी दिसणारी पण आत मेथड चालवणारी, त्यामुळे ही धास्ती नाही. आज साधं ॲट्रिब्यूट ठेवा. उद्या नियम लागला की त्याची प्रॉपर्टी करा. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नियम नसताना गेट-सेटची जोडी लिहिणं म्हणजे नुसत्या ओळी वाढवणं.

आपल्याकडे नियम कुठे आहे? मृतसाठ्याला आहे. गाळाचं सर्वेक्षण झालं की हा आकडा सुधारला जाऊ शकतो, म्हणजे बदल होणार. पण तो उणे असू शकत नाही आणि एकूण क्षमतेएवढाही होऊ शकत नाही.

```
    @प्रॉपर्टी
    डेफ मृत_साठा(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ._मृत_साठा

    @मृत_साठा.सेटर
    डेफ मृत_साठा(सेल्फ, नवा):
        इफ नॉट ० <= नवा < सेल्फ.एकूण_क्षमता:
            रेज व्हॅल्यूएरर("मृतसाठा क्षमतेत बसत नाही")
        सेल्फ._मृत_साठा = नवा
```

तीन गोष्टी नीट बघा.

आत साठवलेलं नाव _मृत_साठा आहे, पुढे एक अंडरस्कोर. सेटरच्या आत तुम्ही सेल्फ.मृत_साठा = नवा असं लिहिलंत तर सेटर स्वतःलाच बोलावत राहील आणि शेवटी रिकर्जनएरर येईल. प्रॉपर्टी पहिल्यांदा लिहिणाऱ्याला हा एरर भेटतोच.

__इनिट__ मध्ये सेल्फ.मृत_साठा असंच लिहा, अंडरस्कोरशिवाय. म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाही तपासणी होते. नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं.

आणि क्रम. सेटर एकूण_क्षमता बघतो, म्हणून __इनिट__ मध्ये ती ओळ आधी आली पाहिजे. उलटं झालं तर ॲट्रिब्यूटएरर.

एका अंडरस्कोरचा अर्थ "आतली वस्तू, बाहेरून हात लावू नका" एवढाच. पायथन कुणाला अडवत नाही. दोन अंडरस्कोर दिले की नाव आतल्या आत बदलून _धरण__मृत_साठा असं होतं. लोक त्याला सुरक्षा समजतात, पण ती सोय उपक्लासमध्ये नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आहे. नवं नाव माहीत असलेला कुणीही तिथे पोचतो. मी एकच अंडरस्कोर वापरतो.

टक्केवारीला सेटर द्यायचाच नाही:

```
    @प्रॉपर्टी
    डेफ उपयुक्त_क्षमता(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.एकूण_क्षमता - सेल्फ.मृत_साठा

    @प्रॉपर्टी
    डेफ उपयुक्त_टक्के(सेल्फ):
        इफ नॉट सेल्फ._नोंदी:
            रिटर्न नन
        उपयुक्त = सेल्फ._नोंदी[-१].साठा - सेल्फ.मृत_साठा
        रिटर्न उपयुक्त / सेल्फ.उपयुक्त_क्षमता * १००
```

आता कुणी जायकवाडी.उपयुक्त_टक्के = १०० लिहिलं तर पायथनच ॲट्रिब्यूटएरर देतं. कागदावर धरण भरायची सोय बंद.

राहिला साठा. तो थेट बदलायचा नाही, नोंद करायची. म्हणून नोंद_कर(दिनांक, साठा) ही मेथड, आणि साठा आत यायचं हे एकच दार. तिच्यात तीन तपासण्या घाला:

- साठा उणे नको.
- नव्या नोंदीची तारीख शेवटच्या नोंदीच्या पुढची हवी. वरची टक्केवारी यादीतली शेवटची नोंद उचलते, ते यावरच उभं आहे.
- साठा क्षमतेच्या फार पुढे नको.

तिसऱ्या तपासणीत "१०० टक्क्यांच्या वर गेलं की एरर" असं लिहू नका. पूर्ण संचय पातळीच्या वर महत्तम पूरपातळी असते, त्यामुळे पुरात साठा थोडा वर जाऊ शकतो. मी क्षमतेच्या दहा टक्के वरपर्यंत मोकळीक ठेवतो. हा माझा अंदाज, जलसंपदा विभागाचा नियम नव्हे. २२४.०९३ मधला दशांशचिन्ह विसरून २२४०९३ टाइप होणं, एवढं त्यात पकडलं जातं.

आणि सगळ्यात मोहात पाडणारी चूक म्हणजे "टक्के शून्याच्या खाली गेले की एरर". पुस्तकी डोक्याला टक्केवारी ० ते १०० मध्येच असावी असं वाटतं. आपल्या धरणांना ते मान्य नाही. मांजरा पूर्ण कोरडं असेल तर हिशोब उणे २६.६ टक्के येतो आणि तो बरोबर असतो. उणे एकूण साठा अशक्य, उणे उपयुक्त साठा शक्य. तपासणी कुठल्या आकड्यावर लावायची ते वहीतल्या वाक्यांनी ठरवा, सवयीने नाही.

यादी बाहेर देतानाही सांभाळा. धरण.नोंदी म्हणून आतली खरी यादीच परत दिली, तर बाहेरचा माणूस तिच्यात अपेंड करून तुमच्या तिन्ही तपासण्या चुकवू शकतो. रिटर्न करताना टपल(सेल्फ._नोंदी) द्या.

एक्सेलमधून आकडे वाचत असाल तर थोडं आणखी. देवनागरीत टाइप केलेलं "१८२३.५७" फ्लोट() ला बिनदिक्कत समजतं. पण "१,८२३.५७" मधला स्वल्पविराम समजत नाही, व्हॅल्यूएरर येतो. तो आधी काढून टाका.

## ६. नोंद: एकदा लिहिली की लिहिली

नोंदीला वागणूक फारशी नाही, नुसती माहिती आहे. अशा क्लाससाठी पायथन ३.७ पासून डेटाक्लास आहे. __इनिट__, छापण्याचं रूप, समानतेची तुलना, सगळं आपोआप मिळतं.

```
@डेटाक्लास(फ्रोझन=ट्रू, स्लॉट्स=ट्रू)
क्लास नोंद:
    दिनांक: डेट
    साठा: फ्लोट
```

फ्रोझन म्हणजे बनल्यावर बदलता येत नाही. तलाठ्याच्या दप्तरात खाडाखोड चालत नाही तसंच हे: चुकीची नोंद दुरुस्त करायची तर नवी नोंद बनवून जुनीच्या जागी ठेवायची. स्लॉट्स लावलं की ठरवलेल्या नावांपलीकडचं ॲट्रिब्यूट लावता येत नाही, म्हणजे तिसऱ्या पायरीतला स्पेलिंगचा सापळाही मिटतो. डेटाक्लासमध्ये ही सोय ३.१० पासून आली.

दोन इशारे. साठा: फ्लोट लिहिलं म्हणजे पायथन प्रकार तपासेल असं समजू नका. तिथे "पाचशे" ही स्ट्रिंग दिली तरी ऑब्जेक्ट बनतो. तपासणी हवी तर __पोस्ट_इनिट__ मध्ये स्वतः लिहा. आणि डीफॉल्ट किंमत दिलेल्या फील्डचा कोलनपुढचा प्रकार लिहायचा राहिला तर ते फील्ड धरलंच जात नाही, क्लासचं साधं ॲट्रिब्यूट बनतं.

## ७. इनहेरिटन्सची घाई नको

इथपर्यंत आल्यावर हात शिवशिवतात. मोठा_प्रकल्प, मध्यम_प्रकल्प, लघु_प्रकल्प असे तीन उपक्लास करून टाकू? नको. आपल्या जलसंपदेत हे वर्ग लाभक्षेत्रावरून ठरतात: १०,००० हेक्टरच्या वर मोठा, २,००० ते १०,००० मध्यम, त्याखाली लघु. टक्केवारी काढायची रीत तिघांची एकच. वागणूक सारखी आणि फरक फक्त शिक्क्याचा, तर उपक्लास लागत नाही. लाभक्षेत्र हे ॲट्रिब्यूट ठेवा आणि वर्ग त्यावरून काढा.

कोल्हापुरी बंधारा वेगळा पडू शकतो. त्याचे दरवाजे पावसाळ्यात काढून ठेवतात आणि पावसाळा सरताना बसवतात, म्हणजे साठा धरायचा हंगामच वेगळा. तिथे वेगळ्या क्लासचा विचार करा. तरी तो धरणाचा उपक्लास असावा की स्वतंत्र, हे नोंद_कर चे नियम त्याला जसेच्या तसे लागतात का यावर ठरवा.

माजलगावला जायकवाडीतून पाणी मिळतं, म्हणून माजलगाव जायकवाडीचं अपत्य होत नाही. हसू नका, प्रोजेक्टमध्ये अशी झाडं काढलेली असतात. माजलगावच्या ऑब्जेक्टमध्ये पाण्याचा_स्रोत हे ॲट्रिब्यूट ठेवा आणि त्यात जायकवाडीचा ऑब्जेक्ट द्या, झालं.

## ८. चालवून बघा

फाइलच्या शेवटी असर्ट (आणि जिथे एरर अपेक्षित आहे तिथे ट्राय-एक्सेप्ट) लिहून या गोष्टी तपासा. दशांशाचे आकडे == ने ताडू नका, ०.१ + ०.२ सुद्धा कॉम्प्युटरमध्ये नेमके ०.३ भरत नाहीत. मॅथ मॉड्यूलमधलं इझक्लोज वापरा.

- जायकवाडी, साठा २९०९.०४१: १०० टक्के.
- जायकवाडी, साठा ७३८.१०६: ० टक्के.
- जायकवाडी, साठा ७००: उणे १.७६ च्या आसपास, एरर नाही.
- मांजरा, साठा ०: उणे २६.६ च्या आसपास, एरर नाही.
- मांजरा, साठा उणे ५: व्हॅल्यूएरर.
- मांजरा, साठा २२४०९३: व्हॅल्यूएरर.
- नवं धरण, एकही नोंद नाही: नन.
- मृतसाठा ५००, एकूण क्षमता ४५४: ऑब्जेक्ट बनायलाच नको.
- जायकवाडीला नोंद केल्यावर माजलगावच्या नोंदी रिकाम्याच.
- कालची तारीख टाकून आजच्या नंतर नोंद: व्हॅल्यूएरर.

सगळं पास झालं की दरवाजांकडे वळा. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. प्रत्येकाचा क्रमांक आणि विसर्ग वेगळा ठेवा. धरणाचा एकूण विसर्ग साठवू नका, बेरीज करून काढा. पडताळ्यासाठी: ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. तुमच्या कोडने एवढंच उत्तर दिलं नाही तर आधी एककं तपासा. क्युसेक म्हणजे सेकंदाला इतके घनफूट, आणि आपला साठा घनमीटरमध्ये.